आप्पासाहेबांच्या वेबपानातली लपवलेली ओळ

हे कुणालाच पटणार नाही. श्रीरामपुरात सांगितलं की लोक चहा अर्धा टाकून उठतात, म्हणून आज नेवाशात सांगायचं. छबूबाई, तुम्ही आत्तापासून हसू नका. त्या क्लासात झाडू तुम्हीच मारत होता.

साल अठ्ठ्याण्णव. श्रीरामपुरात आप्पासाहेबांचा कॉम्प्युटर क्लास जोरात होता. आप्पासाहेब माऊस असा धरायचे, जणू पळून जाईल. पण पाटीवर नावापुढे ‘संगणकतज्ज्ञ’! शिकवायचं काम भीमराजचं. दोन वर्षं नुसत्या ‘बघू, कायम करू’वर. क्लासचं वेबपानही त्यानंच बनवलेलं.

तेवढ्यात पुण्याहून पुतण्या उगवला, नितीन. त्यानं त्या पानावर काकांचे अकरा फोटो चढवले, काकांचं नाव डावीकडून उजवीकडं पळतं केलं आणि तळाला ‘निर्माता : नितीन’ असं ठोकून दिलं. एवढी त्याची विद्या.

बक्षीस समारंभाला पाहुणे येऊन बसले, तेव्हा कळलं की पास झालेल्यांची यादी कागदावर नाहीच. नितीननं नावं थेट पानात टाइप केलेली. पान छापायला घेतलं, तर दहा मिनिटांत आप्पासाहेबांचं नुसतं कपाळ बाहेर आलं. कपाळच तेवढं, प्रिंटर तरी काय करणार!

“भीमराज, नुसती नावं काढ,” आप्पासाहेब घामाघूम. “जमलं तर आजच स्टेजवरून तुला कायम करतो. नाही जमलं, तर उद्यापासून नितीन शिकवील.”

“दोनशे नावं आहेत, काका,” नितीन खुशीत म्हणाला. “हा हातानं उतरवेपर्यंत पाहुणे घरी जाऊन जेवतील.”

भीमराज कॉम्प्युटरपुढं बसला. जावास्क्रिप्टच्या सहा ओळी त्यानं लिहिल्या. पानावरच्या तक्त्याच्या एकेका घरात जायचं, रंग, रेघा, फोटो तिथंच सोडायचे आणि आतला मजकूर तेवढा घेऊन यायचं. बटण दाबलं. सहादेव, जयमाला, संस्कृती… नावं एकाखाली एक येऊन उभी राहिली. नितीनचं तोंड उघडं ते उघडंच.

पण शेवटच्या नावाखाली आणखी एक ओळ आली. पानावर ती कधीच दिसत नव्हती. नितीननं ती पुसायच्या ऐवजी नुसती झाकली होती, आणि कोण्या मित्रासाठी पुढं शेराही मारून ठेवला होता. स्क्रिप्टला झाकलेलं-उघडं काय कळणार? जे होतं, ते तिनं आणलं.

भीमराजचं बोट खोडायच्या बटणावर गेलं. ओळ खोडली तर नोकरी पक्की. ठेवली तर आप्पासाहेबांचा पुतण्या भर मंडपात उघडा पडणार, मग कसली नोकरी?

“झालं का रे?” आप्पासाहेब ओरडले.

“झालं साहेब. पानात होतं ते सगळं काढलं.” त्यानं बोट उचललं आणि कागद छापून दिला.

प्रमुख पाहुणे वाचायला बसले की थांबत नसत. नाव, नारळ, टाळ्या. नाव, नारळ, टाळ्या. तळाशी आले आणि त्याच दमात वाचते झाले, “पान बनवणारा भीमराज, नाव झाकले आहे, काकांना सांगू नये. कुठायत हे ‘सांगू नये’? या, नारळ घ्या!”

मंडप असा हसला की बेलापूरची कुत्री भुंकायला लागली. कोपरगावला थांबलेली एक मालगाडी त्या हादऱ्यानं दोन डबे मागं सरकली. नितीन खुर्च्यांच्या ढिगामागं लपला. आणि आप्पासाहेब? उठले, डोळे पुसले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून भीमराजच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “बाळा, चुकलो. आजपासून तू कायम!”

“खोटं!” छबूबाई ताडकन उठल्या. “कुत्री भुंकली आसतील, गाडी बी सरकली आसंल, आपलं काय जातंय! पन आप्पासाहेबानं आपल्या गळ्यातला हार दुसऱ्याला दिला? आवो, तो हार सुकून त्याची फुलं गळाया लागली तरी बाबानं काढला न्हाई. तीन दिस मीच झाडत हुते ती! आन भीमराजला म्हनला, चालता हो. दुसऱ्या दिशी त्याला नेवाशाच्या एस्टीत मी बसवला. त्याच्या सोताच्या क्लासची पाटी मांडीवर घिऊन बसला हुता!”