कोलशेतला घेतलेलं नाव

आमचा दादा, गुरुदत्त वकील, कोर्टात बोलायला उभा राहिला की समोरचे लोक जांभया द्यायचे, आणि मतं मागायला गेला तरी तेच. ठाण्याच्या नगरपालिकेत तो एकदा पडला, एकदा कसाबसा निवडून आला. बावन्न साली त्याला विधानसभेचं तिकीट मिळालं तेव्हा मी, त्याची सख्खी बहीण, मनातून त्याला पाडूनच बसले होते. त्याला निवडून आणलं ते सुहासिनीवहिनीने. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो हसून कबूल करायचा.

बायकांत प्रचाराला वहिनी आणि मी जायचो. अडचण अशी की उमेदवार म्हणजे वहिनीचा नवरा, आणि नवऱ्याचं नाव ती कसं उच्चारणार? "आमच्या घरच्यांना मत द्या," म्हणायची. घरचे म्हणजे कोण, असं कुणी विचारलं की मी शाळामास्तरीण फाडकन नाव सांगून मोकळी व्हायची. पण बायकांना ते माझ्याकडून नको असायचं. "नाव घ्या, नाव घ्या," असा गलका व्हायचा आणि वहिनी पदर सावरून उखाणा घ्यायची. प्रत्येक गावात नवा. तिला ते झकास जमायचं, आणि आवडायचंही.

कोलशेतला बायजा नावाच्या शेतकरणीच्या अंगणात बायका जमल्या होत्या. खाडीच्या कडेला त्यांची भातशेती, मध्ये नुसता मातीचा बांध. उधाणाला तो फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि मग त्या शेजारच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायला जायच्या. बायजाने हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता नाव घे." वहिनीने उभ्या उभ्या रचलं :

"भरतीच्या पाण्याला दगडी बांधाचा आडोसा,
गुरुदत्तरावांचं नाव घेते, ठेवा माझा भरवसा."

एरवी उखाण्यावर बायका हसायच्या. इथे कुणी हसलं नाही. बायजा उठून आत गेली, तांदूळ-नारळ घेऊन आली आणि तिने वहिनीची ओटी भरली. परतताना बैलगाडीत वहिनी तो नारळ घट्ट धरून बसली होती. "वासंती, मी जरा जास्तच बोलले का गं?" तिने विचारलं. "निवडणुकीत सगळेच बोलतात," मी म्हटलं.

दादा निवडून आला. खोटं कशाला बोलू, बांधासाठी त्याने मुंबईला खेपा घातल्या, साहेबांच्या खोल्यांबाहेर तासन् तास बसला. चौपन्न साली दगड मंजूरही झाला. पण त्याच सुमारास आमच्या नौपाड्यातल्या वकील-डॉक्टर मंडळींनी रस्त्यावरच्या चिखलावरून त्याला धारेवर धरलं. तुम्ही आमचे, आणि आमच्याच दारात चिखल? चार शिकलेली माणसं रागावली की दादाला झोप येत नसे. दगड रस्त्याकडे वळला. बांधाचं पुढच्या वर्षी बघू, असं त्याने स्वतःलाच समजावलं. बांध काही पुढच्या वर्षापर्यंत थांबला नाही, त्याच पावसाळ्यात फुटला.

वहिनी दादाशी कडाडून भांडली. "तुमचं नाव घेऊन सांगितलं होतं मी त्यांना!"

"अगं, राजकारणात थोडं मागेपुढे होतं," दादा म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग तीही गप्प झाली. नवा रस्ता आमच्या दारावरून जात होता. त्याबद्दल लोकांनी दादाला घातलेला हार तिनेच खुंटीला अडकवला. बायजा सुकी मासळी घेऊन बाजाराला निघाली की वाटेत आमच्याकडे चहाला टेकायची आणि विचारायची, "बांधाचा काय झाला गं?" वहिनी म्हणायची, "प्रयत्न चाललेत." आणि लगेच कपबशा विसळायला उठायची. अपराधी माणूस किती कामसू होतो ते मी त्या दिवसांत पाहिलं. मला तिचा राग यायचा, कीवही यायची.

सत्तावन्न साली दादा पुन्हा उभा राहिला. वहिनी उंबऱ्याबाहेर पडली नाही. "कोलशेतला मी तोंड दाखवणार नाही," तिने साफ सांगितलं. वारं संयुक्त महाराष्ट्र समितीचं होतं. दादा सडकून आपटला. नौपाड्यातल्या मंडळींनी त्याच्याच रस्त्यावरून चालत जाऊन त्याच्याविरुद्ध मतं दिली. एकट्या कोलशेतच्या बायकांच्या पेटीत मात्र दादाच्या बैलजोडीला इतकी मतं निघाली की मोजणारेही चकित झाले. दादाला ते कळलं तेव्हा तो थेट घरी आला.

त्याच आठवड्यात बायजा आली. पाटी उतरवून स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"पडला ना गं भाऊ? आमी तर सगळ्या जनी गेलेलो. बाप्ये बोलत व्हते, समितीला द्या. मी बोलले, वयनीने नवऱ्याचा नाव घेऊन सांगितलाय. नवऱ्याचा नाव कोन बाई खोटा घेल? आज नाय तर उद्या, बांध व्हनारच."

वहिनी चहाची गाळणी विसळायला वळली.

बाहेरच्या खोलीत दादा भेटायला येणाऱ्यांना "लाट होती हो, लाट," असं सांगायला बसलेला असायचा. त्या वेळी तो एकटाच होता, त्याला सगळं ऐकू गेलं. तो आत आला आणि वहिनीला हळूच म्हणाला, "दगड मी रस्त्याला नेला, ते सांग तिला."

"तुम्हीच सांगा. तुमच्या वतीने एकदा बोलले, तेवढं पुरे."

दादाने सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तो इतकं थोडक्यात बोलला. दगड आला होता, तो मी इथे लावला, चूक माझी. मान खाली घालून उभा होता. माझा भाऊ मला कधी इतका लहान दिसला नव्हता, आणि खरं सांगते, कधी इतका बराही वाटला नव्हता.

बायजा त्याच्यावर चिडली नाही. "पुढारी असंच," एवढंच म्हणाली. मग वहिनीकडे वळली.

"तुला ठाव व्हता?"

नाही म्हण, मी मनात म्हटलं. दादासुद्धा तेच म्हणत असावा.

"हो," वहिनी म्हणाली. "सुरुवातीपासून."

"नि मी इथं बसून चाय पीत व्हते," बायजा म्हणाली आणि उठली.

भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. आमच्या घरी तो नेहमी वहिनीचा असायचा. सवयीने ती पुढे झाली, वाकलीसुद्धा. बायजा पाटीवर हात ठेवून, वहिनी मागे सरेपर्यंत नुसती थांबली.

मग मला म्हणाली, "मास्तरीन, जरा हात लाव."