आठ पाकळ्यांचं फूल

बिबवेवाडीच्या ध्यानमंदिरात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक एकेक करून कोपऱ्यातल्या दगडाशी जात, नंदीच्या कानात सांगावं तसं कुजबुजत आणि परत येऊन बसत. मग व्यासपीठावरचे वैजनाथ महाराज डोळे मिटून त्यांच्या मनातलं बोलून दाखवत.

"मी फक्त दगडाला सांगितलं होतं गं," द्वारकाताई धाकट्या बहिणीला म्हणाली. "तरी महाराजांना कळलं. हृदयाच्या गोळ्या बंद कर म्हणाले. परवापासून केल्यात."

"दगड डॉक्टर कधी झाला, ते नाही विचारलंस?" ललिता म्हणाली आणि तिची नजर छताकडे गेली. चार कोपऱ्यांतून निघालेल्या दगडी कमानी मध्यभागी मिळत होत्या. तिथे आठ पाकळ्यांचं फूल कोरलेलं होतं.

तिने पाकळ्या पुन्हा मोजल्या. आठच.

वीस वर्षांपूर्वी स्थापत्य शिकवत असताना तिने फ्रान्समधल्या एका खेड्यातलं आठशे वर्षांचं चर्च मोजलं होतं. टेपचं दुसरं टोक तिचा विद्यार्थी आमोद धरायचा. चर्चलगतच्या एका खोलीत कोपऱ्यात कुजबुजलं की आवाज छताच्या वळणावरून थेट समोरच्या कोपऱ्यात उतरे. मधे उभ्या माणसाला काही ऐकू येत नसे. कुष्ठरोग्यांना लांबूनच मन मोकळं करता यावं, म्हणून ती बांधली, असं गावकरी सांगत. तिथल्या छतावरही फूल होतं, पण सहा पाकळ्यांचं. ललिताने मोजमापांच्या वहीत चुकून आठ काढल्या. ती वही तिने आमोदला दिली होती, कौतुकाने.

ललिता उठली, दगडाशी गेली आणि कुजबुजली, "माझा मुलगा शुभंकर दुबईत आजारी आहे."

ती येऊन बसली. काही वेळाने महाराजांचा आवाज घुमला. "माई, शुभंकरची चिंता सोड. दुबईची हवा त्याला बाधली आहे. पाच अमावास्या उपास कर."

"मला मूलबाळच नाही, महाराज."

ललिता दगडाच्या समोरच्या कोपऱ्यात गेली. तिथे महाराजांच्या साधनेची जागा म्हणून भगवा पडदा लावला होता. आत आमोद नको, दुसराच कुणी असू दे, असं मनाशी म्हणत तिने पडदा सारला. आत आमोदच बसला होता. महाराजांच्या कानातल्या यंत्रात बोलायचा छोटा माईक त्याच्या हातात होता.

"मॅडम..."

"फूल सहा पाकळ्यांचं होतं, आमोद."

"वहीत आठ होत्या."

"ती माझी चूक. मोजल्याशिवाय मानायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं."

त्याने माईक खाली ठेवला.

"ताई, दगडाशी जा आणि कान दे," ललिता मोठ्याने म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून कुजबुजली, "गोळ्या आजच सुरू कर."

पलीकडे द्वारकाताई दचकली. तिने भिंतीला विचारलं, "म्हणजे माझं सगळं यानं ऐकलं?"

"हो. म्हणूनच महाराजांना कळलं. आता डॉक्टरांना फोन लाव."

द्वारकाताईने डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला.

ललिता लोकांकडे वळली. "दोघं दोघं या. एकाने इथे बोला, एकाने तिथे ऐका. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करून बघा."

दगडापाशी पुन्हा रांग लागली.