पाहुणचाराची भाषा

ओनेझिम मेलांसोंच्या थोरल्या लेकीचं, लिओकादीचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकाहत्तर. मुलगा हॅलिफॅक्सचा, इंग्रजी बोलणारा. पंगतीत चाळीसएक माणसं फ्रेंचमध्ये खिदळत होती. व्याही येऊन बसले आणि सगळी पंगत एका दमात इंग्रजीवर आली. खाडीकाठच्या फ्रेंच गावांची रीतच ती. परक्याला परकं वाटू द्यायचं नाही.

“ओनेझिमकाका, पाहुण्याला किसलेल्या बटाट्याची रापी वाढलीस, आता आपली भाषाही चमचाभर वाढ की,” वकील अन्सेल्म सोनिए म्हणाला.

“खा गुमान. लग्नातही खटला चालवतोय!”

अन्सेल्म लोहाराचा मुलगा. दोन्ही भाषांत वकिली करणारा खाडीकाठावर तो एकटाच. शहरातली बोलावणी त्याने परतवली, संसार केला नाही. आपल्या माणसांचं म्हणणं कोर्टाने त्यांच्याच भाषेत ऐकावं, या एका मागणीत त्याने उमर घातली.

त्याच शरदात एका मासळी कंपनीने ओनेझिमच्या किनाऱ्यावरच्या खोपटावर हक्क सांगितला. शेवंडाचे पिंजरे तिथे त्याच्या आज्यापासून ठेवले जात. हे सारं इंग्रजीत सांगणं ओनेझिमच्या आवाक्याबाहेरचं. त्याचं इंग्रजी हवापाण्यापुरतं. अन्सेल्मने अर्ज केला. कधी नव्हे ते न्यायाधीश कबूल झाले, ‘साक्षीदाराने स्वतः मागितली, तर फ्रेंचमध्ये ऐकू.’

साक्षीच्या दिवशी सारं गाव कोर्टात. इंग्रज कारकून बाईंनी ओनेझिमला पाणी दिलं, हसून खुर्ची पुढे केली. न्यायाधीशांनी अडखळत, घाम पुसत फ्रेंचमध्ये विचारलं, “कोणत्या भाषेत बोलणार?”

बिचारा किती कष्ट घेतोय, ओनेझिमला वाटलं. आणि या बाईला तर काहीच कळायचं नाही.

“इंग्रजी चालेल, साहेब,” तो इंग्रजीत म्हणाला. “उगाच तुम्हाला कशाला त्रास?”

अन्सेल्म ताडकन उठला. पण न्यायाधीशांनी हात वर केला. साक्षीदाराने निवड केली होती.

मग ओनेझिमच्या तोंडून निघालं ते एवढंच, “माझ्या बापाचं. जुनं. फार जुनं.” खोपट गेलं. पुढे अन्सेल्मच्या प्रत्येक अर्जाला ‘यांना इंग्रजी चालतं’ म्हणून तीच साक्ष आडवी आली.

कोर्टाच्या पायरीवर बायको झेलिका म्हणाली, “तिथेही पाहुणचारच केलास की रे!”

ओनेझिम टोपी चुरगाळत राहिला. “अन्सेल्म, शिव्या तरी दे.”

“कशाच्या देऊ, काका? सभ्यपणाच्या?” अन्सेल्मने फाइल काखेत मारली. “तू जरा उद्धट असतास, तर आज जिंकलो असतो.”

पुन्हा अन्सेल्मने त्या साक्षीचा विषय काढला नाही. ओनेझिमच्या घरी मात्र त्यानंतर कुणीही परका आला, तरी म्हातारा फ्रेंचमध्येच बोले. जावई हसे, झेलिका डोळे वटारी. खोपट काही परत आलं नाही.

त्या कोर्टात पहिली फ्रेंच साक्ष झाली ती ब्याऐंशीच्या शरदात. ओनेझिम मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत बसला होता.

अन्सेल्म सोनिए त्याच साली फेब्रुवारीत, फुप्फुसाच्या दुखण्याने वारला होता.