तारेला टोचलेली यमुनेची पत्रं

मी तार बोलते आहे. डाकघरात कडकट्ट करणारी आणि दारात आली की बायकांना रडू फोडणारी ती तार नव्हे. मी भिंतीवरची. खाली लाकडाची चकती, वर टोकदार आकडा, आणि मधे घरातले सगळे कागद पोटातून टोचून धरणारी. पाच वर्षं मी राग गिळून गप्प बसले होते. आता बसणार नाही.

माझा जन्म पांढुर्ण्याचा. जिनात कापसाच्या गाठी आवळायला जी तार लागते, तिचा मी उरलेला तुकडा. कवडू लोहाराने मला ठोकून सरळ केलं, टोक घासून आणलं आणि संत्र्याच्या पेटीची फळी कापून चकती बसवली. सौंसरच्या तुळशीराम गजभियेंनी मला घरी नेलं. ते एका सरकारी कचेरीत चपराशी होते.

त्यांच्या घराण्यात अक्षर ओळखणारे ते पहिलेच. त्यामुळे कागदाचा त्यांना भारी आदर. लिहिलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, त्यात शेंगदाणेसुद्धा बांधायचे नाहीत, असा त्यांचा नेम. दाखले, विजेची बिलं, लग्नपत्रिका, आलेली पत्रं, सगळं माझ्या पोटात. घरातल्या बायांनी मला हात लावायचा नाही, कारण म्हणे त्यात सरकारी कागद असतात. मला तेव्हा या मानाचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

चौऱ्याऐंशी साली त्यांचा मुलगा देवीदास फौजेत भरती झाला आणि ट्रेनिंगला सागरला गेला. लग्नाला आठ महिने झाले होते. त्याची बायको यमुना बोरगावची, आठवी पास. संत्र्याच्या बागेतलं काम आटोपून आली की दर पंधरा दिवसांनी ती उंबऱ्यात बसून अंतर्देशीय पत्र लिहायची. पत्ता मात्र अर्धाच. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, तर हाताने कसं लिहायचं? म्हणून ती नावाची जागा कोरी सोडायची. सासरे कचेरीत जाताना नाव घालून पत्र डब्यात टाकणार, असं ठरलेलं होतं.

पहिलं पत्र तुळशीरामजींनी खाटेवर बसून उघडून वाचलं. तिने लिहिलं होतं, 'पाय सोलले म्हणता, तर रात्री खोबरेल लावून झोपा. पळताना मागे राहिले तरी चालेल, पण थांबू नका. तुमची रोज आठवण येते.' एवढ्या मजकुरातून या शहाण्या माणसाला दिसलं काय, तर शेवटची एक ओळ.

"बोरगावचा थो पोरगा असाच फौजेतून पळून आला," ते आपल्या बायकोला, पंचफुलाबाईंना म्हणाले. "बायकोनं आठवण आठवण लिहलं अन् थो भगोडा झाला. माह्या पोराचं मी तसं होऊ देत नाही."

बरं, पत्र फाडून टाकायचं, तर नेम आडवा आला. मग त्यांनी माझ्यातले सगळे कागद उपसून काढले, यमुनेचं पत्र तळाशी टोचलं आणि वरून बिलं, पत्रिका पुन्हा चढवल्या. मला कोणी विचारलं नाही. मी कागद सांभाळणारी की चोरीचा माल लपवणारी?

पुढची पत्रं त्यांनी उघडलीही नाहीत. भाताच्या शितांनी नीट चिकटवलेली ती पत्रं मी बंदच्या बंद आरपार भोसकली. ते स्वतः मात्र न चुकता कार्ड टाकत: 'येथील सर्व मंडळी खुशाल. मन लावून ट्रेनिंग करणे. जय भीम.' दर कार्डावर तेच. एखाद्या दगडाने पत्र लिहिलं असतं तरी त्यात याहून जास्त माया आली असती.

देवीदासची पत्रं वडिलांच्या नावाने येत आणि ते मोठ्याने वाचून दाखवत. त्यात 'यमुना का लिहीत नाही' असं आलं की ते ती ओळ गाळून पुढे जात. यमुना दाराआड उभी राहून ऐकायची.

"माह्यासाठी काही नाही लिहलं का, मामाजी?" ती विचारायची.

"तिथं बायकोले लिहाले टाईम नाही देत," ते सांगायचे आणि ते पत्रही मला टोचायचे. वाचता येणारी सून समोर उभी, तिच्या नावाची ओळ माझ्या पोटात, आणि आमच्यात चार हातांचं अंतर. मला भिंतीवरून गळून पडावंसं वाटायचं.

पोळा झाला. गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, बंदोबस्तात तुळशीरामजींची ड्यूटी लागली आणि ते दोन दिवस पांढुर्ण्याला गेले. नेमकं तेव्हाच पत्र आलं. पोस्टमनने ते यमुनेच्या हातात दिलं. तिने पंचफुलाबाईंना वाचून दाखवायला म्हणून उघडलं.

'बाबा, सात महिने झाले. टपाल वाटताना सगळ्यांना घरवाल्यांची पत्रं येऊन राहिली. यमुनाचं एक नाही. तिनं मला मनातून काढलं असेल तर मी हे कोणासाठी करू? हा महिना संपला की मी निघून येतो. मग भगोडा म्हणा नाहीतर काही म्हणा.'

यमुनेने पत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "मामी, मी त चौदा पत्रं धाडले."

"थे त तुह्ये मामाजी तारेले लावते," पंचफुलाबाई भोळेपणाने म्हणाल्या. "मले वाटे, पोहोचून वापस आले असन."

यमुनेने मला खिळ्यावरून उतरवलं. बिलं उपसली, पत्रिका उपसल्या, आणि तळाशी स्वतःचं अक्षर बघून ती तिथेच खाली बसली. ती रडली, हे मी लपवणार नाही. पण फार वेळ नाही. चौदाही पत्रं तिने एका खाकी पाकिटात घातली, देवीदासच्या त्या पत्रावरून पत्ता बघितला आणि नावापाशी येऊन थांबली. पंचफुलाबाई बघत होत्या. "लिही," त्या म्हणाल्या. यमुनेने लिहिलं, रिक्रूट देवीदास तुळशीराम गजभिये. नवऱ्याचंही नाव आणि सासऱ्याचंही. आणि स्वतः डाकघरात जाऊन रजिस्ट्री करून आली.

तुळशीरामजी परतले तेव्हा मी रिकामी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"फाडला का मी एक तरी कागद?" ते म्हणाले.

"फाडले असते त मले तुकडे झाडताना दिसले असते, मामाजी," यमुना म्हणाली. "तवाच समजलं असतं."

महिना संपत आला. रोज दुपारी यमुना बागेतून धावत घरी येऊन पोस्टमनची वाट बघायची. रजिस्ट्री केल्यापासून तेविसाव्या दिवशी पत्र आलं, आणि पहिल्यांदाच त्यावर यमुनेचं नाव होतं. तुळशीरामजींचा हात सवयीने पुढे आला. तिने पत्र दिलं नाही. स्वतः वाचून एवढंच म्हणाली, "नाही येत ते. ट्रेनिंग पुरं करतो म्हणते."

दिवाळीनंतर ट्रेनिंग संपल्याची कसम परेड झाली आणि देवीदास सुट्टीवर आला. आल्या दिवशी त्याने ते खाकी पाकीट वडिलांसमोर खाटेवर ठेवलं. प्रत्येक पत्राच्या मधोमध मी पाडलेलं भोक होतं.

"मी तुह्यासाठीच केलं रे," तुळशीरामजी म्हणाले. "तुह्यं मन मोडू नाही म्हणून."

"बाबा, थे पत्रं माह्ये होते," देवीदास म्हणाला.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. तुळशीरामजी बिलं आणून टोचतात, पत्रांना हात लावत नाहीत. लोक म्हणतात, जाऊ द्या, शेवट गोड झाला ना. मला ते पटत नाही. सात महिने एक माणूस परमुलखात स्वतःला टाकलेला समजत होता आणि त्याची बायको त्याला दर पंधरा दिवसांनी हाक मारत होती. ते सात महिने त्यांना कोणी परत दिले नाहीत.

तुमच्याही भिंतीवर माझी एखादी बहीण टांगलेली असेल. आज तिला खाली उतरवा आणि तळापर्यंत बघा. तिथे कोणाचं पत्र सापडलं तर उघडू नका, कारण सांगत बसू नका. ज्याचं आहे त्याला नेऊन द्या.