शेजारच्या सीटवरचं पोतं

वेसेलने विमान बांधायला घेतलं तेव्हा एल्साबेने एकच प्रश्न विचारला होता : गाडी कुठे ठेवायची? मग गाडी उन्हात गेली, विमान गॅरेजमध्ये आलं आणि नवरा विमानात गेला. पाठोपाठ तिची इस्त्रीही गेली. पंखावरचं कापड गरम इस्त्री फिरवून ताणावं लागतं, आणि वेसेलला स्वतःच्या शर्टाची कॉलर कधी जमली नव्हती. शेवटी डावा पंख तिनेच इस्त्री केला. उजवा त्याने केला. तो त्याच्या कॉलरसारखाच दिसायचा.

विमानाला दोन सीटा होत्या. दुसरी कुणासाठी, हे त्याने सहा वर्षांत सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. बोलावल्याशिवाय एल्साबे शेजारणीकडे कॉफीलासुद्धा जात नसे, मग आकाशात कशी जाईल?

नियम असा, की नवं विमान आधी ठरलेले तास एकट्याने उडवायचं. शेजारच्या सीटवर माणूस नाही, फक्त माणसाएवढं वजन. वेसेलने मक्याच्या पिठाचं भलंमोठं पोतं बसवलं. पट्टा घसरू लागला म्हणून त्याला एल्साबेचा जुना हिरवा स्वेटर चढवला. धावपट्टीचा मालक टर्शियस येताजाता त्या पोत्याला टोपी काढून नमस्कार करायचा.

"त्याला तरी विचारलंस का, येतेस का म्हणून?" एल्साबे एकदा म्हणालीच.

"पोतं नाही म्हणत नाही," वेसेल म्हणाला आणि पाना शोधायला गेला.

आज शेवटचं एकट्याचं उड्डाण. हे उतरलं की दुसऱ्या सीटवर माणूस बसू शकणार होता. एल्साबे धावपट्टीजवळच्या क्लबच्या पत्र्याच्या खोलीत टर्शियस आणि विमान-तपासनीस तेबोहोसाठी कॉफी ओतत होती आणि मनात एकच : आज तरी विचारेल का? नाही विचारलं तर ती घरी जाऊन इस्त्री परत घेणार होती. कायमची.

रेडिओ खरखरला. "उतरण्याआधी एक फेरी घेतो," वेसेल म्हणाला. पण खरखर थांबली नाही. मग त्याने खाकरून घसा साफ केला.

"एल्साबे, हे बघ."

एल्साबेने रेडिओकडे बघितलं.

"नको. फार कडक झालं. एल्साबे, रविवारी काय करतेस? छे, रविवारी चर्च. तू काय अशी बघतेस? पीठच तू."

"पोत्याशी बोलतोय!" टर्शियस म्हणाला.

"बोलायचं बटण अडकलंय," तेबोहो म्हणाला. "ते सुटेपर्यंत आपलं काही त्याला ऐकू जाणार नाही."

टर्शियसने सभ्यपणे आवाज कमी करायला हात पुढे केला.

"हात लावून बघ," एल्साबे म्हणाली. त्याने हात खिशात घातला.

"अठ्ठ्याहत्तर किलो धरलंय मी तुला," रेडिओ म्हणाला.

तेबोहोला छतात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"एकाहत्तर!" एल्साबे रेडिओवर ओरडली.

"सीट तुझ्याच मापाची आहे गं. झोपलेली असताना सुतळीने माप घेतलं होतं. पण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? विमान गॅरेजात होतं तोवर तू नाही म्हणाली नव्हतीस. म्हणून तर उजवा पंख दोनदा उसवला मी. पूर्ण झालं की विचारावं लागणार होतं ना! तुझ्या पंखाला मात्र हात नाही लावला."

टर्शियसचा रस्क कॉफीत बुडून विरघळला, त्याचं त्याला भान नव्हतं.

विमान उतरलं. धावपट्टीच्या कडेला तिघं उभी बघून वेसेलने घाईघाईने इंजिन बंद केलं.

"काय झालं? चाक गेलं का?"

"बटण अडकलंय तुझं," एल्साबे म्हणाली.

त्याने बटणाकडे बघितलं. मग पोत्याकडे. "कधीपासून?"

"'हे बघ'पासून."

वेसेलचे कान लाल झाले. टर्शियस मेंढ्या मोजायला म्हणून निघाला. त्याच्याकडे मेंढ्या नव्हत्या.

"येतेस?" वेसेल म्हणाला. एवढा सराव केला होता, त्यातलं एक वाक्यसुद्धा आठवलं नाही.

"हे उतरव आधी," ती पोत्याकडे बोट दाखवत म्हणाली.

दोघांनी मिळून पोतं खाली घेतलं. ती चढली, बसली. कुठे टोचत नव्हतं, कुठे सैल नव्हतं. वेसेलने तिचा पट्टा लावला, एकदा ओढून बघितला, मग उगाचच आणखी एकदा.

"मावशी, बटण दुरुस्त झाल्याशिवाय उडता येणार नाही हं," तेबोहो स्क्रूड्रायव्हर घेऊन म्हणाला. "वेळ लागेल. उतरून सावलीत बसा."

"लागू दे," एल्साबे म्हणाली.

टर्शियसने दोन कप कॉफी पंखाखालून आत दिली. मक्याच्या शेतावर ऊन कलत होतं. तेबोहो बटण उघडून पुटपुटत होता, आणि उभ्या विमानात ती दोघं पट्टे बांधून शेजारी शेजारी बसून राहिली.