मास्तरांचा उजवा पाय

"आलं का गं?" दारातूनच मास्तरांनी विचारलं.

"आधी चपला तरी काढा!" बायको आतून म्हणाली. "नाही आलं. पुढच्या आठवड्यात येणार म्हणे. मी माहेरी गेल्यावर माझी एवढी वाट कधी पाहिलीत का हो?"

हातपाय न धुताच मास्तर खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथलं कपाट त्यांनी सहा आठवड्यांपूर्वीच बोळात हलवलं होतं, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाचं कोपर त्या कपाटावर आपटत होतं. कोपरा मात्र झाडून-पुसून लख्ख! इथे येणार होतं त्यांचं रेसिंग सिम्युलेटर. खाली खोलगट सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर मोठा पडदा. घरात बसून शर्यतीची गाडी हाकायची. पन्नाशी पूर्ण झाली म्हणून बायकोने आणि लेकीने मिळून ते मागवलं होतं.

आता कुणी म्हणेल, या वयात हे काय खूळ! पण मास्तरांचा जन्म कसा गेला ते ऐका. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बावीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसत आले. "हळू... हळू... क्लच सोडा... अहो, हळू!" दिवसभर हाच जप. तरुणपणी शर्यतीत उतरायची स्वप्नं पाहिलेला हा माणूस, आणि गाडी कधी तिसाच्या वर गेली नाही. त्या वेगासाठी त्यांचा जीव अजूनही तुटत होता. बायकोला ते माहीत होतं, म्हणून तर ती कपाटावर कोपर आपटूनही गप्प बसत होती.

वाट पाहायची म्हणजे वेळ काढायचा. मास्तरांनी शर्यतींचे व्हिडिओ पाहून एक अख्खा ट्रॅक पाठ केला. चौदा वळणं. कुठे ब्रेक, कुठे पूर्ण वेग, सगळं तोंडपाठ. अंघोळ करताना एक फेरी, जेवताना एक फेरी. ताट दोन्ही हातांनी धरून ते वळवायला लागले की लेक ओरडायची, "बाबा, सांडेल!" घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. इथपर्यंत सगळं ठीकच होतं.

पण फेऱ्या गाडीतही सुरू झाल्या.

मास्तरांकडे तेव्हा एक शिंपीणबाई शिकत होत्या. वय अठ्ठावन्न. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, त्याची गाडी दाराशी आच्छादनाखाली उभी. बाईंची मोठी बहीण समुद्राकाठच्या एका गावी एकटी राहायची. आईमागे तिनेच बाईंना वाढवलं होतं, आणि आता तिला दिसत नव्हतं. तिकडे जाणारी बस आठवड्यातून एकदाच, तीच अर्ध्या तासाने परत फिरायची; मागे राहिलं तर आठवडाभर शिलाई बंद. दोन वर्षं बाई त्या अर्ध्या तासासाठी सहा तासांचा प्रवास करत होत्या. बहीण हात हातात घ्यायची, सोडायची वेळ लगेच यायची. लायसन्स मिळालं की एक रात्र तिथे राहायचं, एवढंच बाईंना हवं होतं.

पण गाडी काही जमेना. मधेच चालता चालता अडखळायची. मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. एकदा तर मागचा टेम्पो वीतभर अंतरावर थांबला. पहिल्या परीक्षेत बाई इतक्या घाबरल्या की गाडी जागेवरून हललीच नाही. नापास! दुसरी परीक्षा येत्या शुक्रवारी होती.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच झालं. रस्ता मोकळा, बाईंचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर व्यवस्थित दाबलेला, आणि गाडीने गचका खाल्ला. मास्तर सवयीने म्हणाले, "लक्ष द्या बाई, लक्ष!"

बाईंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"मास्तर, खरं सांगा, मला येणारच नाही ना हे? माझं वय झालं का आता?"

"तसं नाही, पण..."

"आत्ता मी ब्रेककडे पाय नेला, तर ब्रेक आधीच खाली गेलेला होता. तीस वर्षं माझा पाय शिलाई मशीनच्या पेडलवर आहे. पायाखाली काय चाललंय ते मला कळतं." त्या वाकून मास्तरांच्या पायाकडे पाहू लागल्या. "ब्रेक तुम्ही दाबलात."

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकवर ठेवलेला होता! मनातल्या मनात ते नवव्या वळणावर पोहोचले होते, आणि नवव्या वळणावर ब्रेक लागतो.

अरे देवा! म्हणजे इतके दिवस...

त्यांचा चेहरा पडला. लपवता आलं असतं. पण बाई रडवेल्या होऊन पाहत होत्या, आणि मास्तर मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. सिम्युलेटर, चौदा वळणं, सगळं.

बाई हळूच म्हणाल्या, "हौस असावी हो. बिनहौशी माणूस मलाही आवडत नाही. पण गिऱ्हाइकाचं कापड सुईखाली असताना मी स्वतःच्या कपड्याचे बेत करत बसले, तर टाके कुणाच्या कापडावर वाकडे पडतील? महिनाभर मी घरी जाऊन रडतेय, मास्तर. ताईला सांगून टाकलं, मला नाही जमणार म्हणून. चुकत तुम्ही होतात, आणि बावळट मी ठरले!"

"चुकलो बाई," मास्तर म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. आणि गंमत पाहा, गाडी एकदाही अडखळली नाही! बाईंचा हात तर मुळातच छान बसलेला होता.

शुक्रवारी साडेनऊला फोन आला. "साहेब, तुमचा खोका गाडीत आहे. दहा ते अकरा घरी कुणीतरी हवं, सही लागते. नाहीतर परत गोदामात. मग तीन आठवडे तरी धरून चाला."

बायको कामावर, लेक कॉलेजात. परीक्षा दहाला. बाईंबरोबर स्कूलमधला दुसरा मास्तर पाठवता आला असता. सात आठवडे! रिकामा कोपरा मास्तरांच्या डोळ्यांसमोर आला, हात शिवशिवले. पलीकडे बाई पदराच्या टोकाने स्टिअरिंग पुसत होत्या आणि त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. बहुतेक क्लच आधी की गिअर आधी, तेच.

"परत न्या," मास्तर म्हणाले. "मी कामावर आहे."

फोन ठेवला आणि फार वाईट वाटलं त्यांना, हे कबूल केलं पाहिजे. परीक्षेच्या मैदानाबाहेरच्या बाकावर ते बसले, तेव्हा चौदा वळणांतलं एकही वळण आठवलं नाही. ती पांढरी गाडी चढावर थांबते का, मागे घसरते का, एवढंच ते श्वास रोखून पाहत होते. गाडी थांबली. घसरली नाही. पास!

वाचकहो, आपल्यापैकी कुणाची नजर उद्याच्या सुट्टीकडे असते, कुणाची फोनकडे, तर कुणाची येणाऱ्या खोक्याकडे. असू द्या. पण आपलं लक्ष उडालं की त्याची शिक्षा समोरचा भोगतो, वर दोषही स्वतःलाच देतो. दवाखान्यात, शाळेत, कचेरीच्या खिडकीवर अशी कितीतरी माणसं स्वतःला बावळट समजत घरी जातात. ज्याचं काम आपल्या हाती आहे, त्याला ते संपेपर्यंत आपण पूर्ण मिळायला हवं.

रविवारी संध्याकाळी मास्तर त्याच कोपऱ्यात चहा घेऊन उभे होते. फोन वाजला.

"पोहोचले, मास्तर!" पलीकडून बाई ओरडल्या. "ताईला आधी खरंच वाटेना. मग मी तिला हाताला धरून अंगणात आणलं. बॉनेटवरून हात फिरवतेय ती मघापासून. गरम आहे गं, गरम आहे गं, म्हणतेय. आत चल म्हटलं तर येत नाही."

"घाई करू नका," मास्तर म्हणाले. "आज राहायचंय ना तुम्हाला?"