खणातल्या तीन पुड्या

इज्जानं दुकानाचं शटर भर दुपारी धाडकन खाली ओढलं. मोरोक्कोतल्या मिदेल्तच्या बाजारात सफरचंदांचा मोसम ऐन भरात होता, सगळ्या टॅक्स्या पेट्या वाहून धापा टाकत होत्या, आणि अशा वेळी सुट्या भागांचं दुकान बंद करणारी बाई एकतर वेडी म्हणायची नाहीतर चिडलेली. इज्जा चिडलेली होती.

कारण होतं रबराची एक रिंग. तळहाताएवढी, काळी, दिसायला अगदीच क्षुल्लक. टॅक्सीवाल्या बास्सूच्या जुन्या डिझेल गाडीच्या ऑइल फिल्टरच्या झाकणाखाली बसते ती. तीन आठवड्यांत बास्सूनं तिच्याकडून तशा तीन रिंगा नेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा सहा माणसं कोंबून खिंडीचा चढ चढताना झाकणातून तेल पाझरलं होतं. बा अद्दी मेकॅनिकनं निकाल देऊन टाकला होता, "हद्दूच्या पोरीचं रबर कच्चं."

झालं! बा अद्दी म्हणाला म्हणजे स्टँडवर तो कायदा. चाळीस वर्षं त्या माणसानं या गाड्यांची इंजिनं उघडली होती. इज्जाचं काय, बाप गेल्यावर दोन हिवाळे झाले होते दुकानावर बसून. बाईमाणसाला नटबोल्टातलं काय कळतंय, असं पुटपुटणारे आधीपासून होतेच. आता असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजानंतर सगळे ड्रायव्हर जमणार होते आणि यापुढे सगळं सामान मेक्नेस शहरातून मागवायचं ठरवणार होते. तसं ठरलं की इज्जाचं शटर कायमचं खाली!

पण रागापेक्षाही तिला एक गोष्ट जास्त छळत होती. रिंगा चांगल्या होत्या. एकाच पुडक्यातल्या रिंगा, सात दुसऱ्या गाड्यांना गेल्या आणि थेंब गळला नाही. मग या तीनच का? असं कसं होतं? ते कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना.

ती गॅरेजात पोचली तेव्हा बास्सूची गाडी बॉनेट उघडून उभी होती. बास्सू लहानपणापासूनचा शेजारी, त्यामुळे त्याला भीडभाड नव्हती.

"आलीस? चौथी आणलीस का? की या वेळी बुटाचं चामडं कापून देतेस?"

"तुझ्या जिभेचं कापून देते, तेवढं टिकेल. वळवळून वळवळून कमावलेलं आहे."

बाकावर चहा पीत बसलेले तीनचार ड्रायव्हर खो खो हसले. बा अद्दी हसला नाही. पाठ वळवून तो पाने पुसत राहिला.

"बा अद्दी," इज्जा म्हणाली, "माझ्या बापानं तुम्हाला कधी खराब माल दिला?"

"हद्दूनं? कधीच नाही."

"मीही त्याच माणसाकडून माल घेते."

"मग तो माणूस बदलला असेल, पोरी. तीन वेळा बदलली रिंग. या हातांनी. आणखी काय करू?"

त्या हातांबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. इज्जानं खिशातून बापाचं माप काढलं, पुडक्यातली नवी रिंग मोजून दाखवली. जाडी बरोबर, व्यास बरोबर. ड्रायव्हरांनी माना डोलावल्या, पण मापानं तेल थांबत नाही असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग तिला आठवलं. मिदेल्तमध्ये गाडी चालवणारा एक, मालक दुसरा. मालक घरी बसून, भाग खरंच बदलला का असा संशय घेणार, म्हणून काढलेला जुना भाग मेकॅनिक वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात देतो, आणि महिनाअखेरीला ड्रायव्हर पुड्या मालकापुढे उघडतो. मालकानं पुड्या बघितल्या की मगच त्याचा जीव थंड होतो.

"बास्सू, पुड्या कुठायत?"

"कसल्या?"

"तीन वेळा काम झालं ना? तीन पुड्या असतील."

"गाडीत, समोरच्या खणात. मालक अजून मेक्नेसलाच आहे. का गं?"

"आण."

"तेलकट कचरा बघून काय करणार?"

"आण म्हटलं ना! माझं दुकान हातचं चाललंय आणि तुला पुड्या जड होतात?"

बास्सूनं कुरकुरत पुड्या आणून बाकावर टाकल्या. बा अद्दी प्रत्येक पुडीवर कोळशानं रेघा ओढायचा, पहिल्या कामाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तिनं शेवटची आधी उघडली. तिच्यात एक रिंग होती, मऊ, जेमतेम चपटलेली. तिचीच. दुसरीतही तशीच एक, तीही इज्जाच्याच दुकानातली. मग तिनं पहिली उघडली. तिच्यात तांब्याचा एक वॉशर आणि झाकणाच्या नळीच्या टोकाची करंगळीएवढी बारकी रिंग होती. बस्स. तिनं कागद उलटा करून झटकला.

दोन वर्षं गाडीत असलेली, इंजिनाच्या उष्णतेत भाजून निघालेली जुनी मोठी रिंग कुठं होती?

तिनं पुन्हा मोजलं. तिनं विकल्या तीन. दोन इथं बाकावर, तिसरी आत्ता झाकणात. जुनी कुठंच नाही. म्हणजे ती बाहेर आलीच नव्हती! ती खाचेतच चिकटून बसली होती, आणि बा अद्दी दर वेळी तिच्याच डोक्यावर नवी बसवत होता. एकावर एक दोन रिंगा म्हटल्यावर झाकण कसं बसेल नीट? थंड असताना गप्प राहील, चढावर तेलाचा जोर वाढला की वरची सरकणारच.

इज्जाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. चार ड्रायव्हर साक्षीला होते. एका दमात तिचं दुकान वाचत होतं, आणि तीन आठवड्यांचा अपमान सव्याज फिटत होता. तिनं तोंड उघडलं.

बा अद्दी पुड्यांकडे बघत होता. म्हणजे तोंड पुड्यांकडे होतं. पण बारकी रिंग उचलायला त्यानं हात पुढं केला आणि बोटं तिच्या शेजारी बाकाच्या लाकडावर टेकली. मग चाचपत चाचपत ती रिंगेवर आली.

इज्जानं तोंड मिटलं.

"बा अद्दी," ती हळू आवाजात म्हणाली, "एकदा झाकण काढा. माझी रिंग काढलीत की खाचेत नख फिरवा. एवढंच करा."

म्हातारा उठला. इंजिन थंड झालंच होतं. त्यानं दोन नट सोडले, लांब नळीसकट झाकण वर ओढलं, उलटं केलं. इज्जाची रिंग सहज निघाली. मग त्यानं अंगठ्याचं नख खाचेत घातलं आणि फिरवलं. अर्ध्यावर नख थांबलं. त्यानं झाकण उजेडात धरलं, लांब नेलं, डोळ्यांजवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. काळ्या खाचेत काळं रबर. त्याला काही दिसलं नाही हे इज्जाला स्पष्ट दिसलं.

त्यानं पातळ पातं घेतलं आणि बोटाच्या अंदाजानं खरवडायला लागला. जुनी रिंग करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी तुकड्यातुकड्यांनी निघाली. तुकडे त्याच्या तळहातावर जमले. मूठ मिटून फडक्यात पुसून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बास्सू तर मान वळवून आणखी चहा मागत होता.

आता बोल, म्हाताऱ्या, इज्जा मनात म्हणाली. मला बोलायला लावू नकोस.

बा अद्दीनं वर्तमानपत्राचा तुकडा फाडला. तुकडे त्यात घातले, पुडी बांधली आणि बास्सूच्या हातात दिली.

"ही पहिल्या कामाची. राहिली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मी काढलीच नव्हती. पोरीचा माल सोन्यासारखा आहे. चूक माझी. मालकाला सांग, अद्दीची चूक." मग बाकाकडे वळून तो मोठ्यांदा म्हणाला, "तुम्हीपण सांगा नमाजानंतर. मीच कच्चा निघालो."

कुणी हसलं नाही. बास्सूनं पुडी दोन्ही हातांनी धरली आणि गाडीच्या खणात जपून ठेवली.

इज्जानं नवी रिंग दिली. बास्सू गाडी घेऊन खिंडीपर्यंत जाऊन आला. झाकण कोरडं ठणठणीत होतं. संध्याकाळी ड्रायव्हर जमले खरे, पण मेक्नेसचं नाव कुणी काढलं नाही. सगळे सफरचंदांच्या भावावर भांडून घरी गेले.

त्या रात्री इज्जा पोटभर जेवली, तरी तिला बरं वाटलं नाही. चाळीस वर्षांच्या हातांना तिनं पुड्या मोजून खोटं पाडलं होतं. आता म्हातारा गॅरेज बंद करेल, आणि त्याचं खापर आपल्यालाच आपल्या डोक्यावर फोडून घ्यावं लागेल, असं तिला वाटत राहिलं.

सकाळी तिनं शटर अर्धं वर केलं आणि ती तशीच थांबली. बा अद्दी रस्ता ओलांडून येत होता. त्याच्या हातात दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं फिल्टरचं झाकण होतं. त्यानं ते फडक्यात गुंडाळलं नव्हतं. स्टँडवरून, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत, तो ते उघडं घेऊन चालत आला. त्यानं ते काउंटरवर उलटं ठेवलं.

"बघ गं. खाचेत काही राहिलंय का?"

इज्जानं झाकण दारापाशी उन्हात नेलं, चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"नाही, बा. स्वच्छ आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

"मग दे एक रिंग," तो म्हणाला. "दुपारी आणखी दोन घेऊन येतो. शटर लावून कुठं जाऊ नकोस."